शेजाऱ्यांचा संयम

किहीमला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ संयमावर फार सुंदर बोलत आणि प्रत्येक वाक्यानंतर तपकीर ओढत. भाद्रपदात त्यांचा कुत्रा गावभर उंडारला, तेव्हा बैल खच्ची करणाऱ्याला बोलावून त्यांनी कुत्र्यालाही संयमी करून टाकले. पुढे ते ओसरीवर बसून त्याची जखम कडुनिंबाच्या पाण्याने धूत, पंख्याने माश्या वारीत. "चाटू नकोस, बाळा."

आठव्या बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या त्यांच्या पत्नी कुत्र्यासाठी पेज घेऊन आल्या. "माझ्या उशाशी कधी असे बसलात का हो? आणि संयम शिकवायचा तो कुत्र्याला!"

गृहस्थांनी हलकेच कुत्र्याचे कान झाकले.

मी हसतच घरी आलो. माझी पत्नी पाळणा हलवीत बसली होती. तिला ही गंमत सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.