आईच्या बॅटऱ्या आणि गाडीचा चार्जर

बायको आडुतुरैच्या शाळेत शिकवते. रोजच्या बसला ती कंटाळली, म्हणून आम्ही विजेवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं. गाडी दारात येण्याआधी घरी चार्जर बसवायचा होता.

आमच्याकडे जिन्याखाली इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या. आमच्या कुंभकोणमला करंट सारखा जायचा त्या वर्षांत घेतलेल्या. तेव्हापासून त्यांचा सगळा कारभार आईकडे. डिस्टिल्ड वॉटर घालणं, टोकांवर जमलेली भुकटी पुसून व्हॅसलीन लावणं, ही कामं ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे. एकदा मी पाणी घातलं तर म्हणाली, "फार झालं ते. उतू जाईल." आणि गेलंच.

इलेक्ट्रिशियन आला. चाळिशीचा, बोलका माणूस. घर फिरून बघितल्यावर तमिळमध्ये म्हणाला, "चार्जर पोर्चच्या भिंतीवर बसवू. त्याला वेगळी वायर, वेगळं अर्थिंग. आणि अम्मा, तुमच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. आता लिथियमची घ्या, चार्जरशेजारी भिंतीवरच राहील."

"तिला पाणी कधी घालायचं?" आईनं विचारलं.

"पाणी लागतच नाही."

"मग करायचं काय तिचं?"

"काही नाही, अम्मा. तुम्ही आरामात बसायचं."

तो हसला. आई हसली नाही. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तुम्हांस बरं दिसेल तसं करा."

कढीपत्त्याच्या झाडाजवळ अर्थिंगचा खड्डा खणला. चार्जर लागला, शेजारी कपाटासारखी दिसणारी नवी बॅटरी लागली, जिन्याखालचा इन्व्हर्टरही तिच्याजवळ हलवला. जुन्या बॅटऱ्या टेम्पोत चढवल्या तेव्हा आई आत तांदूळ निवडत बसली होती. पुढं काही दिवस मी बघत होतो, ती जिन्याखालची रिकामी जागा सकाळी झाडायची, संध्याकाळी पुन्हा झाडायची.

"आईंना करमत नाही," बायको म्हणाली. मलाही ते दिसत होतं, पण उपाय सुचत नव्हता.

गाडी आली त्याच आठवड्यातली गोष्ट. बायको शाळेतून आली, तिनं गाडी चार्जिंगला लावली आणि हातपाय धुवायला गेली. थोड्या वेळानं करंट गेला. नवी बॅटरी घर सांभाळेल असं वाटलं होतं. पण इन्व्हर्टर किंचाळायला लागला आणि सगळं घर अंधारलं. मी फोनवर इलेक्ट्रिशियनचा नंबर शोधत राहिलो.

आई पोर्चमध्ये आली. तिनं क्षणभर तो आवाज ऐकला.

"ओझं जास्त झालं की असाच ओरडतो. सूनबाई, गाडीची वायर काढ आधी."

बायकोनं ती काढली. आईनं इन्व्हर्टरचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. पंखे फिरायला लागले.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला आणि जोडणीच्या डब्याचं झाकण उघडून जीभ चावून उभा राहिला. घाईत चार्जरची वायर बॅटरीच्या बाजूला जोडली गेली होती. त्यानं ती वेगळी केली. आता करंट गेला की गाडीचं चार्जिंग थांबतं, घर चालू राहतं. सगळं होईपर्यंत आई त्याच्या मागं उभी होती. कुठली वायर कुठं जाते, तिनं दोनदा विचारून घेतलं. त्यानंही न कंटाळता सांगितलं, वर आईच्या हातची गरम कापी दोनदा प्यायला.

त्याच संध्याकाळी बायकोनं आईच्या फोनवर दोन ॲप घातली, एक बॅटरीचं आणि एक गाडीचं. आई पहिल्यांदा म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" आठवड्याभरात ती आम्हाला सांगायला लागली. ग्राइंडर चालू असताना गाडी चार्जिंगला लावायची नाही. पूर्ण भरायची नाही, थोडी रिकामी ठेवायची. समोरच्या घरातल्यांनी अशीच गाडी घेतली, तेव्हा चौकशीला ते माझ्याकडे आले नाहीत, आईकडे आले. तिनं त्यांना पोर्चमध्ये नेऊन सगळं दाखवलं, अर्थिंगच्या खड्ड्यासकट.

परवा आम्ही तिघं तिरुनागेश्वरमला देवळात जाऊन आलो. बायको गाडी चालवत होती, आई पुढं बसली होती, मी मागं. परतताना फाट्यापाशी आईनं फोनवर गाडीचं ॲप बघितलं.

"अजून पुष्कळ आहे," ती बायकोला म्हणाली, "कालव्याच्या रस्त्यानं घे. लांबून जाऊ."

बायकोनं गाडी वळवली.