दारफळणीच्या दिवशी

अमेरिकेतल्या एडिसनचे मराठी लोक मोझेल रोहेकरांना मोझेलमावशी म्हणतात. डॉक्टर कुठला चांगला, भाड्याचं घर कुठे मिळेल, नवरा ऐकत नसेल तर काय करावं, सगळा सल्ला त्यांच्याकडे फुकट मिळतो, आणि न विचारताही मिळतो. मावशी ठाण्याच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. उभी हयात इथे नर्सची नोकरी करण्यात गेली.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सिनेगॉगने विचारलं, देश सोडून आलेल्यांना घरात कोण ठेवून घेईल? मावशींनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. तेव्हापासून व्हेनेझुएलाची यारित्सा त्यांच्या वरच्या खोलीत राहते. मुलगा रूबेन नाखूश होता.

“आई, आपण लीगली आलो. वर्षानुवर्षं वेट केलं. हिला का सूट?”

“नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा कुठली रांग होती रे? कोकणातल्या लोकांनी तेलाचा घाणा चालवू दिला, धर्माची शनिवारची सुट्टी पाळू दिली. कागद मागितले असते तर तू जन्मलाच नसतास.”

रूबेनने विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे; आईशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे तो लहानपणीच शिकला होता.

परत गेली तर जिवाला धोका, म्हणून यारित्साने आश्रय मागितला होता; निकाल लागेपर्यंत तिला मधूनमधून इमिग्रेशनच्या ऑफिसात हजेरी द्यावी लागे. पूर्वी माणसं हजेरी देऊन जेवायला घरी यायची. आताशा काही जण परत येईनासे झाले होते. आणि या खेपेची तारीख आली ती नेमकी दारफळणीची.

दारफळणी हा बेने इस्राएलांचा वर्षातला सगळ्यांत मोठा उपास. आदल्या संध्याकाळी दारं लावून घ्यायची, दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाणीही प्यायचं नाही, पांढरे कपडे घालायचे, देवाची माफी मागायची, परक्याला शिवायचंही नाही. मावशी अजून हे पाळतात. त्या दिवशी घराबाहेर पडतात त्या फक्त सिनेगॉगला, तेही चालत; गाडीत बसत नाहीत. यारित्साचा वकील म्हणाला, तारीख बदलणार नाही. चुकवली तर परत पाठवायचा हुकूम निघेल.

मावशींना प्रश्न पडला. माफी मागायच्या दिवशीच नियम मोडायचा? पण जिवावर बेतलं की नियम बाजूला ठेवावा, हेही धर्मच सांगतो. आणि पोरीला एकटीला पाठवून देवासमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

शेजारच्या रुचाने गाडी काढली. ती आयटीतली, व्हिसावर आलेली. इमिग्रेशनच्या इमारतीच्या एक चौक अलीकडेच तिने ब्रेक दाबला.

“मावशी, सॉरी. माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. तिथे दिसायची भीती वाटते.”

“त्यात लाज कसली? जा तू घरी.”

दारात वकील उभा होता. तो आणि यारित्सा, दोघांनाच आत सोडणार होते. यारित्साने मावशींचा हात घट्ट धरला. मावशींनी तो सोडवला नाही. गार्डने सांगितलं तेव्हा यारित्सानेच सोडला.

मावशी पांढऱ्या साडीत फुटपाथवर उभ्या राहून पाठ असलेल्या प्रार्थना म्हणत राहिल्या. दुपारी वकील एकटाच बाहेर आला. यारित्साला ताब्यात घेतलं होतं. आज इथेच ठेवणार, उद्या कुठे हलवणार ते सांगत नव्हते. मावशींना रडू फुटलं, पण त्या तिथून हलल्या नाहीत.

वकिलाने रुचाला फोन केला; तिने सिनेगॉगमध्ये जाऊन सांगितल्यावर रूबेन सिनेगॉगमधली शेवटची प्रार्थना अर्धी टाकून आला. तारे दिसू लागले, उपास संपला. त्याने पाण्याची बाटली उघडून आईपुढे धरली.

“आई, पी आता.”

“तिच्यासाठी पाव काढून ठेवला होता सकाळी,” मावशी म्हणाल्या. “हातसुद्धा लावला नाही तिने. म्हणाली, तुमच्याबरोबरच उपास सोडेन. आत तिला कोण सांगणार, सुटला म्हणून?”

रूबेनने जाऊन काचेच्या दारावर टकटक केली. गार्डने दार किंचित उघडून ऑफिस बंद झाल्याचं सांगितलं.

“आत एक बाई उपाशी आहे. हे पाणी तिला द्या.”

“तुमची कोण ती?”

“घरातली आहे,” रूबेन म्हणाला.