पाटलांच्या जबड्यातलं लोखंड

हसणार नसाल तर सांगते. आणि हसणारच असाल तर गोष्ट संपेपर्यंत चहाचा घोट तोंडात घेऊ नका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. अब्रू माझी गेली होती आणि तीही हिंगणघाटला, भर बाजाराच्या दिवशी, बाकावर बसलेल्या दुखऱ्या दातांच्या लोकांसमोर.

मी नुकतीच नागपूरहून बी.एस्सी. झाले होते. घरच्या सगळ्या मोठ्यांचं एकमत होतं की आता हिचं लग्न करावं, आणि तोवर फार तर शाळेत शिकवू द्यावं. घरातल्या मोठ्यांचं एकमत झालं की मला तडक उलट दिशेला जावंसं वाटतं. मी नोकरी धरली ती दातांचे एक्स-रे काढायची यंत्रं विकणाऱ्या एका पेढीत. आत्यानं विचारलं, दातांचे फोटो कशाला काढायचे, आरशात दिसतात की. आता अशा माणसाला काय उत्तर देणार? मी ट्रंक उचलली.

काम दोन प्रकारचं होतं. गावोगावच्या दातांच्या डॉक्टरांना यंत्र चालवून दाखवायचं, आणि घेतलं तर ते वापरायला शिकवायचं. वर्धा जिल्हा माझ्याकडे होता. जिल्ह्यात दातांचे शिकलेले डॉक्टर होते तरी किती? गल्लोगल्ली चिमटा घेऊन दात उपटणारे मात्र पुष्कळ. म्हणून हिंगणघाटच्या डॉक्टर खडतकरांवर आमच्या शेठची फार भिस्त होती. त्यांनी घेतलं तर बाकीचे घेतील. त्यांनी नाही म्हटलं तर मी मुकाट्यानं शाळेत शिकवायला जावं, हे शेठनं मला अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

खडतकर म्हणजे साठीचे, कलकत्त्याला शिकून आलेले, पांढरा कोट, हळू बोलणं. त्यांची पद्धत मला पहिल्या तासातच असह्य झाली. रोग्याला खुर्चीत बसवायचे, आरशाच्या दांडीनं एकेका दातावर टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे, आणि मग डोळे मिटून विचार करायचे. मी यंत्राची खोकी उघडून, चाकांचा स्टँड जोडून, तारा लावून उभी, आणि हे डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, म्हातारी माणसं डोळे मिटतात तेव्हा त्यांना वाटतं आपण विचार करतो आहोत.

त्यांना म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे यंत्र एका क्षणात हाडाच्या आतलं दाखवतं, टकटक करायची गरज नाही. ते म्हणाले, दाखवा.

त्या दिवशी जवळच्या जाम गावाहून सदोबा पाटील आले होते. सोबत त्यांची बायको. पाटील म्हणजे सत्तरीचा ताठ माणूस, पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, कपाळाला बुक्का. उजव्या बाजूला खालची दाढ काही वर्षांपूर्वी खडतकरांनीच काढली होती. आता नेमकं त्याच जागी पुन्हा ठणकत होतं, पण वरून काही दिसत नव्हतं. मला तर असाच रोगी हवा होता. इथं टकटक हरणार आणि विज्ञान जिंकणार.

आता एवढं समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. दाढेचा फोटो काढायचा तर बोटभर रुंदीची एक फिल्म, कागदात गुंडाळलेली, तोंडात जिभेच्या बाजूला ठेवायची. ती रोग्यानं स्वतःच्या बोटानं धरायची. यंत्राचं नाक बाहेरून गालाला लावायचं. मग सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं आणि लांब तारेचं बटण दाबायचं. उजवी दाढ असेल तर डाव्या हाताचं बोट आणि डावी दाढ असेल तर उजव्या हाताचं. हा नियम आम्हाला नागपूरला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावला होता. 

मी पाटलांना म्हटलं, "आबाजी, डाव्या हाताचं बोट आत घाला."

पाटील म्हणाले, "डावा हात?"

बस, एवढंच म्हणाले. आणि मी सुरू झाले. साबणानं धुतलेले दोन्ही हात सारखेच असतात, जंतूंना डावा-उजवा कळत नाही, देश स्वतंत्र झाला तरी आपण कुठल्या काळात राहतो... फार छान बोलले मी. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असणार. पाटलांच्या बायकोनं पदर सारखा केला. खडतकरांनी डोळे मिटले. पाटील काहीच बोलले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं, मी फिल्म बसवली, डाव्या हाताचं बोट तिच्यावर टेकवलं, आणि बाहेर आले. मनात म्हटलं, पटलं म्हाताऱ्याला. माणूस गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, अशी माझी त्या काळी समजूत होती.

व्हरांड्यातून बटण दाबलं. न्हाणीघरात लाल बल्ब लावून फिल्म धुतली. ओलीच चिमट्याला लावून खिडकीच्या उजेडात धरली.

आणि पाहते तर काय! जबड्यात, जिथं दाढ काढली होती बरोब्बर तिथं, एक आडवी, जाड, पांढरीशुभ्र रेघ. हाड इतकं पांढरं दिसत नाही. इतका पांढरा दिसतो तो फक्त धातू. तिच्या आजूबाजूला धूसर पट्टे होते, ते का, याचा विचार मी केला नाही. धातू दिसला ना, मग पुरे.

जरा बाजूला घेऊन सांगायचं असतं की नाही? मी व्हरांड्यात, भरल्या बाकासमोर, फिल्म उंच धरून सांगितलं, "डॉक्टरसाहेब, दाढ काढताना तुमच्या हत्याराचा तुकडा आत राहिलाय."

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. मी भांडायच्या तयारीत होते. पण त्यांनी फिल्म हातात घेतली, चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग आत जाऊन कपाट उघडलं. एकेक हत्यार काढून, उजेडाकडे धरून, त्याचं टोक अंगठ्यानं चाचपून ते पांढऱ्या फडक्यावर ठेवू लागले. आणि एका जुन्या हत्याराच्या टोकाला, खरंच सांगते, एक बारीकसा टवका गेलेला निघाला. तो कधी गेला हे त्यांना आठवेना.

"असेल," ते म्हणाले. "माझ्याच हातून राहिलं असेल. आता नागपूरच्या सर्जनकडून जबडा उघडून काढावं लागेल."

बाहेर एव्हाना बाकावर गडबड उडाली होती. खडतकरांनी ज्यांचे ज्यांचे दात काढले होते त्या सगळ्यांनी गालाला हात लावले. एका कोष्ट्यानं सांगितलं की थंडीच्या दिवसात त्याले जबड्यात आतून गार लागते, ते आता समजलं काऊन. एक बाई म्हणाली, माह्या पोराच्या शाळेत लोखंड ओढते तो लोहचुंबक हाय, आणू काय? दुसऱ्यानं तिला दटावलं की लोहचुंबक लावला तर तुकडा गालातून बाहेर येईन. पाटलांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. पाटील मात्र खुर्चीतच बसून होते. बायकोला म्हणाले, आता नागपूरले जाऊन जबडा कापा लागते म्हणते, तर घरी निरोप धाड, पऱ्हाटीची वेचणी थांबवू नका म्हणा.

खडतकर बाहेर आले आणि त्यांनी बाकावरच्या लोकांना हात जोडले. म्हणाले, आज मी कोणाच्या दाताला हात लावणार नाही, आधी पाटलांचं निस्तरतो. पुढचंही मग पाहू. "पुढचंही" म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला. मला तो ऐकू आला. पण खरं सांगायचं तर मी त्याच वेळी मनातल्या मनात शेठला सांगत होते की पहिल्याच दिवशी यंत्रानं काय शोधून काढलं.

मग खडतकर माझ्याकडे वळले. नागपूरच्या सर्जनला तुकडा किती खोल आहे ते कळायला हवं, तर जरा वरच्या कोनातून आणखी एक फोटो काढून द्या, म्हणाले. मागणी बरोबर होती. मी दुसरी फिल्म बसवली. पाटलांचं डावं बोट टेकवलं. या खेपेला ते अजिबात हलत नाहीत ना, हे पाहायला मी दाराशी न थांबता व्हरांड्यातल्या बंद खिडकीच्या काचेपाशी जाऊन उभी राहिले. बटण हातात.

आणि मी काचेतून पाहिलं.

पाटलांनी दाराकडे बघितलं. कोणी नाही. मग त्यांनी डावा हात तोंडातून काढला, धोतराला स्वच्छ पुसला आणि मांडीवर ठेवला. उजवा हात वर केला. उजव्या हाताचं पहिलं बोट आत घालून फिल्म धरली. उरलेली तीन बोटं मुडपून गालावर ठेवली, नेमकी यंत्राच्या नाकासमोर. त्यातल्या करंगळीशेजारच्या बोटात तांब्याची चांगली जाडजूड अंगठी होती.

नियम का केलाय ते मला त्या क्षणी कळलं. नागपूरला फक्त पाठ केला होता.

बटण तसंच हातात घेऊन मी आत गेले. फिल्म त्यांच्या तोंडातून काढली. "आबाजी, मघाशीही असंच धरलं होतं?"

"असंच. डावा हात तोंडात कसा घालू, पोरी? जेवतो या तोंडानं. देवाचं नाव घेतो."

"मग सांगितलं का नाही?"

पाटलांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "आधी तू बोलून राह्यली होती. मंग माह्या तोंडात तुहा कागद होता. सांगू कवा?"

खडतकर दारातच उभे होते. त्यांनी ती पहिली फिल्म पुन्हा उजेडात धरली, मग पाटलांच्या बोटाकडे पाहिलं, मग पुन्हा फिल्मकडे. धूसर पट्टे म्हणजे बोटं होती. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मी..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. एरवी मला वाक्यांची कधी अडचण पडत नाही.

त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली.  मग औषधाच्या रिकाम्या बाटलीचं बूच काढलं, धुतलं, चाकूनं त्याला एक खाच पाडली, खाचेत फिल्म अडकवली आणि पाटलांना म्हणाले, "हे दातांत धरा. हात नको. डावाही नको आणि उजवाही नको." अंगठी पाटलांनी स्वतःहून काढून बायकोच्या हातात दिली.

तिसरा फोटो स्वच्छ आला. लोखंड नव्हतं. पण जुन्या दाढेच्या जागी, हाडात रुतलेला, मुळाचा एक बारीक तुकडा होता. तो पाहून मी तोंड अगदी घट्ट मिटून घेतलं. दाढ काढताना काहीतरी आत राहिलं होतं, हे माझं म्हणणं अर्धं खरंच निघालं होतं, आणि ते बोलायची माझी सोय मीच ठेवली नव्हती.

बोलले ते खडतकर. "पाटील, मूळ तुटून आत राहिलं होतं. हे माझं काम. माझंच चुकलं."

पाटलांनी विचार केला. "लोखंड तं नाई ना?"

"नाही."

"मंग काढून टाका. तुमचंच राह्यलं, तुमीच काढा. नागपूरले कायले जाऊ?"

दुपारी त्यांनी ते काढलं. मी दिव्याच्या खांबासारखी दिवा धरून उभी होते आणि एक अक्षर बोलले नाही. काम झाल्यावर हात धुताना खडतकर म्हणाले की हे मूळ टकटक करून त्यांना कधी कळलं नसतं, ते यंत्र घेतील. माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, पण आधी बाहेर जा, आणि बाकावरच्या लोकांना तुम्हीच सांगा. जितक्या मोठ्यानं मघा सांगितलं तितक्याच मोठ्यानं.

गेले. सांगितलं. डॉक्टरांचं हत्यार कोणाच्याही जबड्यात नाही, दिसली ती पाटलांची अंगठी होती, ती बोटात होती, चूक माझी. सगळे गंभीरपणे ऐकत होते. कोष्ट्यानं गालावरचा हात खाली घेतला. मला वाटलं, थोडा नाराजच झाला. लोहचुंबकवाली बाई पुढे सरकून म्हणाली, म्हणजे अंगठी सापडली काय? मी म्हटलं, बाई, ती हरवलीच नव्हती. ती म्हणाली, पण मशिनीत दिसली ना? दिसली, मी म्हटलं. तिनं मान डोलावली आणि शेजारणीच्या कानाला लागली.

पुढच्या महिन्यात मी खडतकरांना यंत्र शिकवायला पुन्हा हिंगणघाटला गेले. दवाखान्याबाहेर रस्त्यापर्यंत रांग. बाया, बापे, म्हाताऱ्या. मला पाहून कोणी उठून उभं राहिलं, कोणी नमस्कार केला. माझी मान ताठ झाली. एवढं सगळं होऊनही शेवटी लोकांना विज्ञानाची किंमत कळली म्हणायची. आत जाऊन खडतकरांना म्हटलं, केवढे रोगी आलेत तुमच्याकडे.

ते आरसा पुसत होते. "माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आलेत," ते म्हणाले. "यातल्या एकाचाही दात दुखत नाही. पहिल्या बाईंची नथ हरवली आहे, तिच्यामागे उभ्या आहेत त्यांच्या सुनेचे पैंजण. आणि तो शेवटचा गडी कुऱ्हाड शोधतोय."