डावी पापणी का खाली आली

मित्रहो, बोईसरहून पालघरच्या रुग्णालयात आणलेल्या माझ्या थोरल्या भावाचे हृदय आज सकाळपासून पुन्हा पुन्हा जीवघेण्या वेगाने धडधडत होते. औषधे आणि शॉक, दोन्ही अपुरे पडले. अखेर डॉक्टरांनी हृदयाचा वेग वाढवणारे मानेतील डाव्या बाजूचे मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन सुचवले. संमतिपत्राची ओळ न् ओळ वाचून मी सही केली.

तासाभराने वहिनी आतून धावत आल्या.

"भावोजी, यांची डावी पापनी पडली! अंगावरून वारं गेलं हाय!"

मागोमाग डॉक्टर आले. "काकू, मानेतले तेच मज्जातंतू पापणीलाही जातात, म्हणून ती इंजेक्शन लागू पडल्याची खूण आहे. ठोके आता नियमित आहेत. पापणी काही तासांत उघडेल. कागदावर लिहिलं होतं की!"

"मग मला कुनीच कसं नाय सांगितलं?"

मी वाचले होते, सांगितले नव्हते. सही आपण करतो, पण घरातल्या इतरांना कागदावरचे समजावून कोण सांगते?