एक पॉइंट दोन मीटरवरचा दादा

आमच्या घरात एकच जण शिकू शकत होता. वडील लवकर गेले, आई जिनिंग मिलमध्ये कापूस निवडायची. दादा नववीत होता आणि मी पाचवीत. एक दिवस दादा शाळेत गेलाच नाही, वीटभट्टीवर गेला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "मला तसंबी गणित येत नाय." पुढं मी बीएस्सी केलं, मग लॅबचा कोर्स केला. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली, आणि ते मी कुठंही ताठ मानेनं सांगते.

हे आधी लिहिलं कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही.

भूत, करणी, अंगात येणं... यावर माझा विश्वास नाही. आम्ही बौद्ध. आईनं लहानपणापासून एकच शिकवलं, डोळ्यांनी दिसेल तेवढंच खरं मानायचं. माझं कामही तसलंच आहे. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपचा फोकस लावत बसते. म्हणूनच फोकसच्या बाबतीत जे घडलं ते मला पचत नाहीये.

मला जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचं वेड आहे. ते मोठे, गळ्यात दगड बांधल्यासारखे वाटणारे नव्हेत — लहान बांध्याचे, सगळं हातानं करायचे एसएलआर. तळहातात मावणारा, पण धातूचा. फिल्म पुढं सरकवायचा तो खटका, आत आरसा उचलला जातो तो आवाज... ज्यांना कळतं त्यांना कळेल. माझ्याकडं दोन आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये त्याच्यावरच भांडणं सुरू होतील.

यात फोकस कसा लावतात ते सांगते. डोळा लावून पाहिलं की मधोमध एक छोटा गोल दिसतो, आडवा कापलेला. फोकस चुकला असेल तर माणसाचं वरचं अर्धं तोंड एकीकडं आणि खालचं अर्धं दुसरीकडं सरकलेलं दिसतं. लेन्सवरची रिंग फिरवत जायचं. दोन्ही अर्धी जुळली की फोकस लागला. रिंगवर अंतराचे आकडे असतात — एक मीटर, एक पॉइंट दोन, दोन, तीन, पाच, दहा... आणि शेवटी आडवा आठ, म्हणजे अनंत. डोंगर, ढग, चंद्र असल्या लांबच्या गोष्टींसाठी. यात बॅटरीचा, सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. फक्त काच आणि अंतर.

दादा आता शेंद्र्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं हेल्पर आहे. राहतो आमच्या गावात, करमाडलाच. गेल्या वर्षी ठेकेदारानं सांगून टाकलं, दहावी नसेल त्याला पुढं ठेवणार नाही. दादाचा फोन आला.

"वैशे, ते सतरा नंबरचा फॉर्म म्हणत्यात, भायेरून दहावीचा. तू भरून दे. अन् गणिताचं तेवढं बघ. बाकीचं मी रेटतो."

"रविवारी येते दादा."

त्या रविवारी गेले नाही. पुढच्याही नाही. आम्हा फिल्मवाल्यांचा शहरात एक ग्रुप आहे, सगळे डॉक्टर, इंजिनिअर. दर रविवारी कुठंतरी फोटो काढायला जातो. मी उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहते, तिथून त्यांची गाडी मला घेऊन जाते. त्या गाडीत बसायला मला आवडायचं. हे सरळच सांगते.

फॉर्मची मुदत संपत आली होती आणि आम्ही पैठणला होतो, पैठणी विणणाऱ्यांच्या मागांचे फोटो काढत. दुपारी दादा तिथं आला. नाईट शिफ्ट करून, न झोपता, करमाडहून मोटरसायकलवर. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळेचा दाखला. मी सकाळी फोन उचलला नव्हता, तर माझ्या घरमालकिणीला विचारून शोधत आला होता.

ग्रुपमधल्या एका डॉक्टरांनी सहज विचारलं, "हे कोण?"

आणि मी म्हणाले, "गावाकडचे आहेत, ओळखीचे."

कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. निघालं. दादानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांना हसून म्हणाला, "व्हय, म्याडमच्याच गावचा हाय मी." मग पिशवी माझ्यापुढं धरली. "कागदं आणलेत. सवडीनं बघा तुम्ही."

तुम्ही! माझ्या दादानं मला जन्मात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

पाणीही न पिता तो परत गेला. मी त्या दिवशी नंतर एकही फोटो काढला नाही, पण त्याच्या मागंही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून करमाडला गेले. कॅमेरा घेऊन गेले. फॉर्मला फोटो लागत होता, आणि मला वाटलं, चांगल्यातला चांगला फोटो काढून देईन म्हणजे... म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. दादा नेहमीसारखाच. "आली का वैशे? च्या टाक गं," असं वहिनीला सांगून मोकळा. पैठणचा विषय नाही.

दारात उजेड चांगला होता. तिथं खुर्ची मांडली, दादाला बसवलं. मागं भिंतीवर बुद्धांची तसबीर. मी समोर पाटावर बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

दादाचं तोंड दोन तुकडे. रिंग फिरवली. एक मीटर — नाही. एक पॉइंट दोन — नाही. वरचं अर्धं डावीकडंच. दोन, तीन, पाच... दहा... आणि रिंग फिरायची थांबली तिथं, आडव्या आठावर, कपाळ आणि ओठ अलगद एका रेषेत आले.

वाटलं, लेन्स बिघडली. वहिनी ब्लाऊज शिवते, तिच्या गळ्यातला टेप मागून घेतला आणि कॅमेऱ्यापासून दादाच्या नाकापर्यंत लावला. एकशे वीस सेंटीमीटर.

वहिनी म्हणाली, "ताई, फोटो काढताय का त्यास्नी बंडी शिवताय?"

तिलाच खुर्चीत बसवलं. पहिल्या फटक्यात एक पॉइंट दोनवर फोकस. बरोब्बर. पुन्हा दादा बसला. पुन्हा आडवा आठ. पिशवीतला दुसरा कॅमेरा काढला, लेन्स वेगळी. वहिनी एक पॉइंट दोन. दादा आडवा आठ.

दादानं हात लांब केला असता तर माझ्या डोक्याला लागला असता. आणि कॅमेऱ्याच्या हिशेबानं तो लेन्सवरच्या शेवटच्या आकड्याच्याही पलीकडं बसला होता.

"दिसंना व्हय मी?" दादानं विचारलं.

"दिसतोयस."

"मग दाब की बटन. मान आखडली माझी."

दोन फोटो काढले. एक टेपनं सांगितलं त्या अंतरावर, दुसरा डोळ्याला दिसलं त्या अंतरावर. फॉर्मसाठी शेवटी वहिनीनंच मोबाईलवर काढला. मोबाईलला काही अडचण आली नाही. मी तिथंच बसून फॉर्म भरला आणि मगच उठले.

ब्लॅक अँड व्हाइट रोल मी घरीच धुते, बाथरूममध्ये. निगेटिव्ह वाळल्यावर प्रिंट काढले आणि भिंग लावून बघितले. टेपच्या अंतरावर काढलेल्या फोटोत खुर्चीचे हात स्वच्छ, त्यावरचे ओरखडेसुद्धा मोजता येतील. आणि खुर्चीत दादाच्या जागी नुसता धूर, शर्टाच्या आकाराचा. दुसऱ्या फोटोत खुर्ची विरघळलेली, चौकट विरघळलेली, मागची तसबीर म्हणजे एक फिका डाग — आणि दादा लख्ख. दाढीचे खुंट, कॉलरची शिवण, डोळ्यांखालची जागरणाची काळी वर्तुळं. आकारानं जेवढ्यास तेवढा. लहान नाही, लांबचा नाही.

ज्यांना फोटोग्राफी कळते ते आत्ता म्हणत असतील, हे होऊच शकत नाही. मीही तेच म्हणते. शेजारी-शेजारी असलेली खुर्ची आणि माणूस दोन वेगळ्या अंतरांवर असू शकत नाहीत.

शहागंजात एक म्हातारे दुरुस्तीवाले चाचा आहेत. दोन्ही कॅमेरे उघडून बघितले. म्हणाले, "बेटा, कॅमेरा एकदम फस्क्लास है. तुम आँखाँ चेक कराओ." डोळेही तपासून आले. नंबर तोच. ग्रुपमध्ये निगेटिव्ह आणि प्रिंट दाखवले. डॉक्टर म्हणाले, डबल एक्स्पोजर असेल, एकावर एक दोन फोटो पडलेत. एक इंजिनिअर म्हणाला, काहीतरी ट्रिक केलीस, शिकव आम्हाला. मग डॉक्टरांनी फोटो जवळ धरला. "हे तर पैठणला आले होते तेच ना?"

"हो," मी म्हणाले. "माझा सख्खा भाऊ आहे."

मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. जिथं बोलायला हवं होतं तिथं बोलले नव्हते, आता सांगून दादाच्या कानावर थोडंच जाणार होतं?

त्यानंतर दर रविवारी करमाड. सकाळची बस, संध्याकाळी परत. दादाला बसून राहायची सवय नाही. "नऊ घंटे मशीनीपुढं उभा राहतो, कायबी वाटत नाय. हे खाली बसून वर्गमूळ काढायचं काम लई जड," म्हणायचा. चिडायचा, पेन्सिल फेकायचा. मी ओरडले की वहिनी आतून म्हणायची, "मारा मारा, छडी देऊ का?" पण शिकत होता. आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं, लसावि-मसावि तो माझ्याआधी तोंडी काढतोय. "गणित येत नाय" असं म्हणून शाळा सोडलेला माणूस! मी त्याच्याकडं बघत राहिले. तो म्हणाला, "फुडचं सांग."

एकदा धीर करून म्हणाले, "दादा, त्या दिवशी पैठणला मी..."

"पैठणला पाणी लई व्हतं बघ धरणात," तो म्हणाला. "वरून येताना दिसलं. हां, ह्या त्रिकोणाचं काय म्हणत व्हतीस?"

परत काढला नाही मी तो विषय. त्यानं काढू दिला नाही.

आता तुम्हाला वाटेल, शिकवता शिकवता ती रिंग हळूहळू जवळ आली असेल. तसं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण तसं झालेलं नाही. दर काही आठवड्यांनी मी कॅमेरा डोळ्याला लावते, दादा "आलं का परत खूळ" म्हणत बसतो, आणि रिंग जाऊन त्याच आठावर थांबते. गेल्या रविवारीही थांबली. वहिनी, शेजारी, दारातली शेळी — सगळे आपापल्या अंतरावर आहेत. एकटा दादा नाही.

पैठणच्या आधी कसं होतं, हे तपासायला मी जुने रोल काढून बघितले. खूप शोधलं. इतक्या वर्षांत मी दादाचा एकही फोटो काढलेला नव्हता. त्यामुळं हे त्या दिवशी सुरू झालं की आधीपासूनच होतं, हेही मला सांगता येत नाही.

कुणाकडं काही खुलासा असेल तर लिहा. देवाधर्माचा नको, काचेचा सांगा. माझ्याकडं नाही.

दादानं मार्चमध्ये पेपर दिले. निकाल लागला. दादा दहावी पास झाला. गणितात एकसष्ट.