पडद्याच्या उजवीकडून

काल नेपरव्हिलच्या फ्युनरल होममध्ये लोक दुसऱ्याच बाईच्या फोटोला हात जोडत होते.

गेल्या होत्या आमच्या माशीमा, म्हणजे मावशी. जुन्या बंगाली सिनेमाच्या नायिका.
पडद्यावरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही सर्च कराल, आणि तोच चुकीचा फोटो वर येईल.

त्यांच्या घरातल्या मुलीने स्टुडिओची पायरी चढणं म्हणजे घर सुटणं. त्या चढल्या. वडिलांनी पुन्हा दार उघडलं नाही.

पहिल्याच सिनेमाच्या सेटवर दिवा फुटला. काच उजव्या गालात घुसली. कानापासून ओठापर्यंत व्रण.
निर्माता म्हणाला, आता आईची कामं करा. तेव्हा त्या विशीतही नव्हत्या.

त्यांनी नायिकेचीच केली. पुढे स्वतः सिनेमे काढले, दिग्दर्शनही स्वतःच.
फक्त उजवा गाल कॅमेऱ्याला कधी दिला नाही. सेटवरचं दारसुद्धा त्या हिशेबाने बांधायचे. म्हणून त्या नेहमी पडद्याच्या उजवीकडूनच आत येतात. मी सगळे सिनेमे तपासले आहेत.

मी कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस. कोडिंग स्वतः शिकलो. बांगला भाषाही स्वतःच, यांचे सिनेमे मागे-पुढे करून.

इथल्या दुर्गापूजेत, शाळेच्या जिममध्ये, माशीमा कोपऱ्यात खिचडी खात बसलेल्या दिसल्या. एकट्याच. जाऊन बांगलात ओळख सांगितली.
"मराठी? मग बांगला कुठे शिकलात?"
"तुमच्याकडूनच."
"मग एवढे उच्चार कोणी बिघडवले?"

तेव्हापासून दर शनिवारी जायचो. माझी खुर्ची त्यांच्या डावीकडे ठेवलेली असायची. त्यांचाच सिनेमा लावायचो.
मी म्हणायचो, "इथे कट उशिरा झालाय."
"बाबा रे, तू होतास का तिथे?"

काल फ्युनरल होमच्या स्क्रीनवरच्या बाईच्या गळ्यात मोती होते, आणि उजवा गाल भर लाइटमध्ये. स्वच्छ.

इथेच जन्मलेल्या त्यांच्या नातीला, रियाला, बाजूला घेतलं.
"हा फोटो ठाम्माचा नाही."
"आर यू शुअर, अंकल? ऑनलाइन तिच्याच नावाखाली होता."
"उजवा गाल बघ."
"मला वाटलं, ॲक्सिडेंटच्या आधीचा असेल."
"त्याच्या आधी त्या नटी नव्हत्याच गं."

रियाने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. म्हणाली, "आमच्याकडे सिनेमाबाहेरचा तिचा एकही नाही. काढूच द्यायची नाही ती. डू यू हॅव वन?"

होता. एकच.

गेल्या फॉलमध्ये त्यांच्या पोर्चवरची मेपलची पानं झाडत होतो. त्यांनी हाक मारली.
"फोन आण. आज या बाजूने काढ."
त्यांनी उजवा गाल पुढे केला होता.
"नक्की, माशीमा?"
"लाइट चांगला आहे. पण कुणाला दाखवायचा नाही. शब्द दे."

दिला होता.

मी फोन हातात धरून उभा राहिलो. समोर एक काकू त्या मोतीवाल्या बाईला फूल वाहत होत्या. "काय रूप होतं हो," म्हणाल्या.

मी फोटो रियाला पाठवला.

स्क्रीनवर माशीमा आल्या. जाड स्वेटर, विस्कटलेले केस, गालावर तो व्रण. कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, थोड्या चिडल्यासारख्या.

इतका वेळ खाली बघत बसलेल्या त्यांच्या मुलाने पहिल्यांदा मान वर केली. "मा," एवढंच म्हणाला.

मी मागच्या रांगेतून निघालो. घरचा नव्हतो. बंगालीही नव्हतो. मी कोण, हे कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?
कारमध्ये बसल्यावर फोन करावा असं एकच नाव आठवलं. त्यांचं.

माशीमा, शब्द मोडला. पण निरोप तुम्हालाच मिळाला.
फोटो इथे टाकत नाही. निदान तेवढं पाळतो.

शनिवारी कुठे जायचं, माहीत नाही.

येतो, माशीमा.