इस्त्रीची पँट

सौंसरहून लोधीखेड्याला जाणारी बस अर्धी रिकामी होती, तरी नव्या टेरिकॉटच्या पँटमधला तो माणूस दांडा धरून उभाच. गुडघासुद्धा वाकवत नव्हता. मला वाटलं, मूळव्याध असेल. शेवटी राहवेना, म्हणून म्हटलं, "बसा ना भाऊ."

"नाही जी, बसलो का इस्त्री मोडते. पोरगी पाहाले जाऊन राहिलो."

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये तो पुन्हा भेटला. आता पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर ऐसपैस बसला होता, मांडीवर पँटची घडी.

"जमलं?"

"जमलं जी. पोहेबी उभ्यानंच खाल्ले. पोरीनं एकच इचारलं, लग्नात तरी बसान का?"

"मग?"

"म्हनलं, तेवढ्यापुरतं धोतर नेसतो."